जखमी वाघाचा हिशेब

इंदिरानगरच्या वस्तीतून नैर्ऋत्येस दृष्टी टाकली असता त्रिरश्मीचा डोंगर आणि त्यातील पांडवलेणी दिसतात. त्या डोंगराच्या पायथ्यावरून मुंबई-आग्रा रस्ता नाशिक शहरात शिरतो आणि पुढे ओझर, चांदवड, मालेगाव ही गावे मागे टाकीत धुळ्याकडे, म्हणजे खानदेशात, उतरतो. आज या रस्त्यावर मालमोटारींची रांग रात्रंदिवस तुटत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी याच दिशेने निघालेला प्रवासी रानातील वाटेवर एकटा जाण्यास धजत नसे. खानदेश हा त्या काळी वाघांचा मुलूख म्हणून प्रसिद्ध होता. नाशिक हा स्वतंत्र जिल्हाही तेव्हा नव्हता. तो १८६९ साली निर्माण झाला, आणि मालेगाव-बागलाणाकडील त्याचा भाग तत्पूर्वी खानदेशातच मोडत असे. तेव्हा खानदेशच्या वाघांची कथा ही नाशिककरांना परक्या मुलखाची कथा नव्हे.

या कथेतील एक प्रश्न वरवर पाहता रिकामपणच्या गप्पांचा वाटतो. कोणत्या जनावरास कोणती बंदूक, किती जाडीची नळी आणि कोणत्या घडणीची गोळी वापरावी, हा तो प्रश्न. गोऱ्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी या प्रश्नावर शंभर वर्षे वाद घातला, ग्रंथ लिहिले, एकमेकांची टिंगलही केली. त्यातील पुष्कळसा भाग हौसेचा होता यात शंका नाही. परंतु त्या हौसेच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली होती. चुकीच्या गोळीने जनावर मरत नाही, ते जखमी होते. आणि जखमी वाघ रानात शिरला म्हणजे त्याची किंमत बहुधा गोळी झाडणारा देत नाही, दुसराच कोणीतरी देतो. तो दुसरा कोण, हे ध्यानात ठेवले म्हणजे बंदुकीच्या बोअरचा इतिहास हा केवळ लोखंडाचा व दारूचा इतिहास राहत नाही.

पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या वर्षाने, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. तो वाघाच्या शिकारीस निघालेल्या मंडळींपैकी होता. अजिंठ्याची चित्रे जगापुढे आली ती अशा रीतीने वाघाच्या मागावर. पुढे १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. बंडखोर म्हणून हिणवलेल्या भिल्लांचा विश्वास त्याने जो मिळविला, तो कवाइतीने जितका, तितकाच त्यांच्याबरोबर वाघाच्या गुहेपर्यंत जाऊन मिळविला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

औट्रमच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या दहा वर्षांच्या शिकारीचा हिशेब नोंदलेला आहे. त्याने व त्याच्या साथीदारांनी या अवधीत २३५ वाघ मारले, आणि त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी औट्रम स्वतः हजर होता. हा आकडा वाचून आजचा वाचक थक्क होतो, आणि पुष्कळदा त्याला विषादही वाटतो. परंतु त्याच ओळीत आणखी एक लहानसा आकडा आहे, आणि त्याजकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. २३५ वाघ मारले, शिवाय २२ जखमी केले, असा तो हिशेब आहे. दर अकरा वाघांमागे सुमारे एक वाघ अंगात शिसे घेऊन रानात निघून गेला. औट्रम हा कुशल आणि निधड्या छातीचा शिकारी होता. नवशिक्यांचा हिशेब कोणी लिहून ठेवला असता, तर तो याहून कितीतरी वाईट निघाला असता.

हे २२ वाघ निसटले कसे, हे कळण्यास त्या काळची बंदूक पाहिली पाहिजे. कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर असे ती पाऊण इंच व्यासाच्या गुळगुळीत नळीची, गारेच्या ठिणगीने पेटणारी, ठासणीची बंदूक. शिकाऱ्याची बंदूक याहून रेखीव असे, पण तत्त्व तेच. नळीची जाडी त्या वेळी इंचांत सांगत नसत. एक पौंड शिशाच्या जितक्या समान गोळ्या पाडल्या असता एक गोळी नळीत बरोबर बसेल, तितक्या बोअरची ती बंदूक. बारा बोअर म्हणजे पौंडास बारा गोळ्या, सोळा बोअर म्हणजे सोळा. यामुळे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी, हा उलटा हिशेब आजही छऱ्याच्या बंदुकीच्या बाबतीत चालू आहे. बारा बोअरची गोल गोळी वजनाने सुमारे सव्वातीन तोळे, म्हणजे ३८ ग्रॅमच्या आसपास भरते. चार बोअरची गोळी पावणेदहा तोळ्यांची, आणि ती झाडणारी बंदूक इतकी जड, की तिच्या धक्क्याने भल्याभल्यांचा खांदा सुजे.

गोळी इतकी जाड असताना वाघ का निसटावा? याची कारणे तीन होती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाने जात नसे. तिचा वेग थोडा असल्याने ती हवेत लवकर खाली पडे आणि अंतराचा अंदाज चुकला की नेम चुके. तिसरे कारण शिशाचे. शुद्ध शिसे मऊ असते. मोठ्या हाडावर आपटले की ते पसरून थबकते आणि काळजापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. म्हणून जाणते शिकारी शिशात कथील मिसळून गोळी कठीण करीत. परंतु कठीण गोळी मऊ मांसातून आरपार निघून जाई आणि मागे अरुंद छिद्र तेवढे ठेवी. खोल जावी तर पसरत नाही, पसरावी तर खोल जात नाही. पुढील शंभर वर्षांत बंदुकीची सारी घडण पालटली, तरी या एका पेचातून गोळीची सुटका झाली नाही.

जखमी वाघ झुडपात शिरल्यावर काय होई, हेही सांगितले पाहिजे. शिकाऱ्यांमध्ये असा दंडक होता, की ज्याने जनावर जखमी केले त्याने त्याचा पाठलाग करून त्याला मारलेच पाहिजे. दंडक उत्तम होता. परंतु मचाणावरून खाली उतरलेल्या साहेबाच्या पुढे एक माणूस वाकून चाले. रक्ताचा थेंब कोणत्या पानावर पडला, दगड कोठे उलटला, हे तो पाही. त्याची दृष्टी जमिनीवर असे आणि हातात बहुधा कुऱ्हाड किंवा तीरकमठा. तो भिल्ल असे, कोरकू असे, गोंड असे. कित्येक वेळी म्हशींचा कळप झाडीत घालून वाघ कोठे दबला आहे हे काढीत, तेव्हा कळपामागे गुराखी असे. संस्थानिकांपाशी हत्ती होते, सामान्य अधिकाऱ्यापाशी ते नसत. त्या काळची शिकारवर्णने काढून पाहावी. हाक्यातील माणसांना झालेल्या इजा त्यांत पुन्हापुन्हा येतात. पुष्कळ ठिकाणी त्या माणसाचे नावही दिलेले नसते, वाघाची लांबी मात्र इंचापर्यंत दिलेली असते.

बंदुकीत पहिली मोठी सुधारणा झाली ती पेटविण्याच्या रीतीत. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ साली ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक दारूचे पेटंट घेतले. त्यातून तांब्याची टोपी निघाली आणि पावसाळी हवेत बार फुकट जाण्याचा संभव पुष्कळ कमी झाला. आपल्याकडे ही बंदूक 'केपाची बंदूक' म्हणून खेड्यापाड्यांत ओळखली गेली, आणि शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक पुढे दीर्घकाळ याच जातीची होती.

दुसरी सुधारणा नळीच्या आतील. नळीत मळसूत्री चऱ्या पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा धरून ठेवते. यालाच रायफल म्हणतात. परंतु यातही एक अडचण निघाली. चऱ्यांचा पीळ घट्ट असला आणि दारू अधिक भरली, तर मऊ गोळी चऱ्या सोडून तशीच सरळ घसरत बाहेर पडे. म्हणून रायफलवाले दारू बेताची भरीत. त्यामुळे नेम सुधारला, पण वेग घटला, आणि वाघास जो तडाखा बसावयास हवा तो बसेना.

या कोड्याचे उत्तर शोधणारा मनुष्य महाराष्ट्राच्या सीमेवरच काम करीत होता, आणि योगायोग असा की त्याचेही आडनाव फॉर्सिथच होते. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा मध्यप्रांतात मुलकी अधिकारी होता. पुढे तो निमाड जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर झाला. निमाड म्हणजे खानदेशास लागून असलेला, सातपुड्याच्या अंगावरचा मुलूख. पचमढीच्या पठारावर १८६२ साली त्याने बांधलेले घर 'बायसन लॉज' या नावाने आजही प्रसिद्ध आहे. १८६३ साली त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. मोठ्या बोअरची नळी घ्यावी, गोळी गोलच ठेवावी, चऱ्यांचा पीळ अगदी सैल करावा, म्हणजे दारू भरपूर भरता येईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने सुचविलेल्या चौदा बोअरच्या रायफलीत एक पूर्ण फेरा १०४ इंचांत होई. इतकी लांब नळी अर्थात असत नाही. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पाव फेराही धड होत नसे. परंतु गोल गोळीस तेवढा पुरतो, हे त्याने दाखविले.

फॉर्सिथच्या या मताचे मर्म असे, की रानातील शिकार ही निशाणबाजी नव्हे. दाट झाडीत वाघ दिसतो तो पन्नास-शंभर पावलांवर आणि क्षणभर. तेथे हजार यार्डांवरचा नेम काय कामाचा? तेथे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालेल अशी सपाट जाणारी आणि जागच्या जागी जनावर बसविणारी गोळी हवी. हा विचार कारखान्यात सुचणारा नव्हता. तो सातपुड्याच्या रानात, जखमी जनावराच्या मागे हिंडून सुचलेला होता. दुर्दैवाने फॉर्सिथ १८७१ साली अल्पवयातच वारला. सातपुड्याच्या रानांचे वर्णन करणारा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी त्याच्या पश्चात बाहेर पडला.

याच सुमारास एक दुसरा, अधिक भयंकर उपाय पुढे आला. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील सेनापती जॉन जेकब, ज्याच्या नावाने जेकबाबाद वसले, त्याने लांबट गोळीच्या टोकात स्फोटक भरलेली तांब्याची नळी बसविली. शत्रूच्या दारूगोळ्याच्या गाड्या दुरून उडविण्यासाठी ही योजना होती. शिकाऱ्यांनी ती लगेच उचलली. गोळी अंगात शिरून फुटली की जनावर निसटणार नाही, असा हिशेब. तो पुष्कळदा चुकला. गोळी कातडीतच फुटे, वर मोठे भगदाड पडे आणि आतील मर्मस्थान शाबूत राही. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपातील राष्ट्रांनी ठराव केला, की ४०० ग्रॅमहून कमी वजनाचे स्फोटक अस्त्र युद्धात माणसांवर वापरू नये. रानातील जनावरांसाठी असा ठराव कोणी केला नाही. तेथे ती गोळी गेली ती दयेमुळे नव्हे, भरवशाची नव्हती म्हणून.

तिच्या जागी आली 'एक्स्प्रेस' रायफल. लंडनच्या पर्डी कारखान्याने १८५६ साली आगगाडीच्या वेगावरून हे नाव घेतले. नळी बारीक, म्हणजे .४५०, .५०० किंवा .५७७ इंच व्यासाची, दारू भरपूर, आणि गोळी हलकी व पुढून पोकळ. येथपासून बोअरचा हिशेब पौंडास किती गोळ्या यावरून न होता इंचाच्या हजाराव्या भागात होऊ लागला. .५०० म्हणजे बरोबर अर्धा इंच. ही गोळी हरणावर उत्तम चाले. वाघाच्या खांद्याच्या जाड हाडावर मात्र ती पोकळ असल्याने चुरा होई. आफ्रिकेतील संशोधनामुळे गाजलेल्या सर सॅम्युएल बेकरने मध्य हिंदुस्थानात शिकारी केल्या होत्या. त्याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पोकळ गोळीवर कडक टीका केली आणि वाघासाठी .५७७ बोअरची शुद्ध शिशाची भरीव गोळी हवी, असे बजाविले. ती पसरेल, पण फुटणार नाही, आणि सारे बळ जनावराच्या अंगातच खर्च करील, हे त्याचे सूत्र होते.

मग काळी दारू गेली आणि बिनधुराची कॉर्डाइट आली. तिचा शोध १८८९ चा. १८९८ साली रिग्बी या बंदूकवाल्याने .४५० बोअरची कॉर्डाइट रायफल बाजारात आणली. तिची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. जुन्या बारा बोअरच्या गोळीहून ती हलकी होती, परंतु वेग सेकंदास सुमारे २१५० फूट. वजन दुप्पट केले तर आघाताची शक्ती दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट होते, हे शाळेत शिकविले जाणारे गणित येथे प्रत्यक्षात उतरले. इतक्या वेगाला उघडे शिसे टिकेना, ते नळीतच वितळल्यासारखे घासले जाई. म्हणून गोळीस निकेल-तांब्यासारख्या धातूचे कवच चढविणे भाग पडले.

आणि कवच येताच तो जुना पेच पुन्हा उभा राहिला. पूर्ण कवचाची गोळी खोल जाते, पण पसरत नाही. उपाय निघाला तो कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात, १८९७ च्या सुमारास. गोळीच्या टोकावरील कवच काढून शिसे थोडे उघडे ठेवले, की ती अंगात शिरताच कळीसारखी उमलते. या गोळीच्या जखमा इतक्या भयानक ठरल्या, की १८९९ साली हेग येथील परिषदेत युद्धात तिचा वापर करू नये असे जाहीर करण्यात आले. माणसावर जी गोळी अमानुष ठरली, तीच जनावरावर दयेची मानली गेली. हा विरोधाभास वरवरचा आहे. सैनिक जायबंदी झाला म्हणजे युद्धाचे काम भागते, पुढे त्याला उचलून नेणारे, मलमपट्टी करणारे कोणी असते. जखमी वाघाला तसे कोणी नाही. त्याच्या बाबतीत लवकर मरण हीच एकमेव दया शिल्लक राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विषयाचे काही ठाम नियम ठरले. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर यांना मऊ टोकाची गोळी. त्यांचे कातडे व हाड बेताचे असते, पूर्ण कवचाची गोळी त्यांच्यातून आरपार जाऊन पलीकडच्या झाडात रुतते आणि जनावर पळून जाते. गव्याची गोष्ट निराळी. राधानगरी-दाजीपूरच्या किंवा मेळघाटच्या रानातील वयात आलेला गवा हजार किलोच्या घरात जातो, खांद्यावर मांसाची जाड भिंत असते. तेथे मऊ गोळी वरच उमलून थांबते. त्याला भरीव, पूर्ण कवचाचीच गोळी लागते. म्हणून गव्याच्या रानात हिंडणारा जाणता शिकारी दुनळीच्या एका नळीत भरीव आणि दुसरीत मऊ गोळी ठेवी. ज्याला दुनळी रायफल परवडत नसे, त्याच्यासाठी कर्नल फॉस्बरी याने १८८५ साली पेटंट घेतलेली 'पॅराडॉक्स' होती. हिची नळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी काही इंच चऱ्या. छरे आणि गोळी दोन्ही तीतून झाडता येत.

परंतु हिंदुस्थानात बोअर ठरविण्याचे काम केवळ शिकाऱ्याच्या हाती नव्हते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सर्वसामान्य हिंदी माणसाच्या हातून परवान्यावाचून शस्त्र काढून घेतले होते. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यास मनाई केली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीचा तोच बोअर असल्याने काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती. त्यामुळे विलायतेतील कारखान्यांना .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढावे लागले. इंचाच्या दोन शतांश भागांचा तो फरक वाघासाठी नव्हता, राज्यकर्त्यांच्या धास्तीसाठी होता. लष्करी .३०३ बोअरही याच कारणाने सामान्य परवानेदारास मिळत नसे. म्हणून ऑस्ट्रियाच्या लष्करी काडतुसावर आधारलेला .३१५ बोअर पुढे आला, आणि स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या सरकारी कारखान्यातून निघालेली .३१५ रायफल हीच हिंदी परवानेदाराची नेहमीची रायफल झाली. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात तयार होत. हा कारखाना १८६९ चा. हरीण-डुकरास ही रायफल पुरेशी होती, वाघास जेमतेम, आणि गव्यास तोकडी. पण जे मिळे तेच हाती घेऊन माणूस रानात जाई.

लहान बोअरचे समर्थक म्हणत, की गोळी मोठी असण्यापेक्षा ती योग्य जागी बसणे महत्त्वाचे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने जेमतेम तोळाभर वजनाच्या भरीव गोळीने शेकडो हत्ती मारले. परंतु बेलला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती, आणि मुख्य म्हणजे नेम बसत नसेल तेव्हा गोळी न झाडण्याचा संयम त्याच्यापाशी होता. लहान गोळी ज्याच्या हाती, त्याला धीर अधिक हवा. हा धीर दुकानात मिळत नाही, आणि मोठी रायफल घेतल्यानेही येत नाही. उलट, मोठ्या रायफलीच्या धक्क्यास भिऊन डोळे मिटून चाप ओढणारेही पुष्कळ होते.

धीर सुटला म्हणजे काय होते, याचा दाखला कुमाऊँच्या डोंगरात मिळतो. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली होती. तिचे तोंड उघडून पाहता उजव्या बाजूचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा गेलेला, खालचा पार मुळापर्यंत. ही जुन्या बंदुकीच्या गोळीची करणी होती, असे कॉर्बेटने नमूद केले आहे. नैसर्गिक भक्ष्य मारण्यास असमर्थ झाल्यामुळे ती माणसांकडे वळली. प्रत्येक नरभक्षक वाघ गोळीनेच बनतो असे नाही. कोणी साळिंदराच्या काट्यांनी पंगू होतो, कोणी म्हातारपणाने. परंतु कोण्या अनामिकाने कधीतरी झाडलेल्या एका चुकलेल्या गोळीचा हिशेब ४३६ घरांनी चुकविला, हे विसरता येत नाही. औट्रमच्या यादीतील ते २२ वाघ कोठे गेले आणि त्यांनी काय केले, ते कोणत्याही यादीत आलेले नाही.

भारतात वाघाची शिकार १९७० साली बंद झाली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि मेळघाट हे पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गणले गेले. दुनळी रायफली दिवाणखान्यांच्या भिंतींवर किंवा पोलिसांच्या कोठीत गेल्या. इतके होऊनही बोअरचा प्रश्न पुरता संपला नाही. एखादा वाघ नरभक्षक ठरला आणि त्यास पकडणे सर्वथा अशक्य झाले, तर काय करावे याची कार्यपद्धती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने तयार केली. त्या कार्यपद्धतीत शस्त्र .३७५ मॅग्नमपेक्षा लहान बोअरचे नसावे, अशी सूचना आली. .३७५ मॅग्नम ही १९१२ ची रायफल. शंभर वर्षांच्या वादाचा निष्कर्ष सरकारी कागदावर एका ओळीत उतरला. वाघ मारावाच लागला तर तो जखमी होऊन निसटता कामा नये, हाच त्या ओळीचा अर्थ.

नाशिककरांस आता वाघ दिसत नाही, बिबट्या दिसतो. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात तो राहतो, पिले वाढवितो, आणि कधी वाट चुकून शहरात शिरतो. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रस्त्याच्या बाजूस सावरकरनगरात असाच बिबट्या आला, काही माणसे जखमी झाली, आणि शेवटी वनखात्याने त्यास भुलीचे इंजेक्शन मारून पकडले. बंदूक येथेही असते, परंतु तीतून शिसे सुटत नाही, औषधाची पिचकारी सुटते. ती मारणाऱ्यास जनावराचे वजन दुरून अदमासाने ठरवावे लागते. मात्रा कमी पडली तर बिबट्या अर्धवट गुंगीत गर्दीवर येतो, अधिक झाली तर पुन्हा उठत नाही. पिचकारीचा जोर जास्त झाला तर हाड मोडते, कमी झाला तर सुई टोचत नाही. शिवाय ती मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागावरच बसावी लागते, आणि गुंगी चढण्यास काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत भोवतालची गर्दी आवरणे हे नेमाइतकेच अवघड काम आहे.

म्हणजे फॉर्सिथने सातपुड्यात मांडलेला प्रश्न आज इंदिरानगरच्या शेजारी, गल्लीबोळांत, नव्या रूपाने उभा राहतो. किती, कोठे आणि कोणत्या क्षणी? फरक एवढाच, की पूर्वी अचूकपणाची कसोटी जनावराचे मरण ही होती, आता त्याचे पुन्हा उठून उभे राहणे ही आहे. चुकीची किंमत मात्र अजूनही बंदूक धरणाराच देतो असे नाही. पूर्वी ती रक्ताचा माग काढणाऱ्या भिल्लाने दिली, आज वनखात्याचा हंगामी मजूर, उसाला पाणी देणारा शेतकरी किंवा गच्चीवरून पाहणारे मूल ती देते. म्हणून बिबट्या आल्याची हाळी कानी पडली, तर नागरिकाने करावयाचे काम एकच आहे. दार लावून घरात राहावे, आणि जो मनुष्य पिचकारीची मात्रा मोजीत उभा आहे, त्याला धीर धरण्यास पुरेशी शांतता मिळू द्यावी.